फुलपाखरांच्या बेटांवर

(उष्ण प्रदेशांतील जंगलांत कीटकांच्या असंख्य जाती आढळतात. त्यांतील हजारो जातींची विज्ञानाला ओळख करून देणारे थोर निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांच्या जीवनाची माहिती या पाठात दिली आहे.)

पावसाळा सुरू झाला की संध्याकाळी दिव्याभोवती किती किडे जमतात! कुणी हिरवा, कुणी तपकिरी, कुणाच्या पाठीवर चकचकीत ढाल, तर कुणाला लांबलचक मिशा. आपण सगळ्यांना मिळून नुसते किडे म्हणतो आणि दिवा मालवतो. पण त्यांतील प्रत्येकाची जात वेगळी असते, राहण्याची जागा वेगळी असते. आजवर जगातील सुमारे दहा लाख कीटकजातींना शास्त्रीय नावे मिळाली आहेत. ही नावे आपोआप मिळालेली नाहीत. त्यांसाठी अनेकांनी रानावनांत आयुष्य घालवले. आल्फ्रेड वॉलेस हे त्यांपैकीच एक.

आल्फ्रेडचा जन्म ८ जानेवारी १८२३ रोजी वेल्समधील अस्क या गावाजवळ झाला. घरची परिस्थिती बेताची होती. त्यामुळे चौदाव्या वर्षी त्याला शाळा सोडावी लागली. थोरला भाऊ विल्यम जमीन मोजण्याचे काम करी. आल्फ्रेड त्याच्या हाताखाली काम करू लागला. मोजणीसाठी डोंगरदऱ्यांतून हिंडताना त्याला झाडाझुडपांचा छंद लागला. शाळा सुटली, पण शिकणे सुटले नाही.

१८४४ साली वॉलेस इंग्लंडमधील लेस्टर शहरात शिक्षक झाले. तेथे त्यांची हेन्री बेट्स या तरुणाशी ओळख झाली. बेट्स यांना भुंगेरे गोळा करण्याचा नाद होता. लेस्टरसारख्या एका शहराच्या आसपास हजारभर जातींचे भुंगेरे सापडू शकतात, हे कळल्यावर वॉलेस थक्क झाले. थंड हवेच्या इंग्लंडमध्ये जर इतके, तर उष्ण प्रदेशातील घनदाट अरण्यांत किती असतील? हा प्रश्न दोघांना स्वस्थ बसू देईना. शिवाय एवढ्या जाती पृथ्वीवर आल्या कशा, हेही त्यांना शोधायचे होते.

दोघांकडेही पैसा नव्हता. तेव्हा त्यांनी एक युक्ती काढली. जंगलातून कीटक आणि पक्षी पाठवायचे, ते लंडनमधील एका व्यापाऱ्यामार्फत संग्रहालयांना व शौकिनांना विकायचे आणि त्या पैशांवर पुढचा प्रवास करायचा. १८४८ साली ते जहाजाने ब्राझीलला गेले. पुढे दोघांनी वेगवेगळ्या वाटा धरल्या. वॉलेस चार वर्षे ॲमेझॉन आणि रिओ निग्रो या नद्यांच्या काठी हिंडले. या काळात त्यांना मदत करायला आलेला धाकटा भाऊ हर्बर्ट पीतज्वराने मरण पावला. स्वतः वॉलेसही तापाने खंगले.

१८५२ साली ते मायदेशी निघाले. अखेरच्या काळात जमवलेला सारा संग्रह त्यांच्याबरोबर जहाजावर होता. ६ ऑगस्ट रोजी भर समुद्रात जहाजाला आग लागली. वॉलेस यांच्या हाती एक पत्र्याची पेटी लागली. तिच्यात काही चित्रे आणि थोड्या नोंदी होत्या. बाकी सारे डोळ्यांदेखत जळून गेले. दहा दिवस ते उघड्या होडीत उन्हातान्हात होते. शेवटी एका जहाजाने त्यांना वाचवले. त्यांच्या व्यापारी मित्राने संग्रहाचा विमा उतरवला होता, म्हणून थोडे पैसे मिळाले. पण जळालेली फुलपाखरे पैशांनी परत येणार नव्हती. त्यांत विज्ञानाला माहीत नसलेले कितीतरी जीव असतील. आता त्यांना कोण ओळखणार होते?

दुसरा कोणी असता तर घरी बसला असता. वॉलेस पुन्हा निघाले. एप्रिल १८५४ मध्ये ते सिंगापूरला उतरले. आज जिथे मलेशिया आणि इंडोनेशिया हे देश आहेत, त्या बेटांवर ते पुढची आठ वर्षे फिरले. या काळात त्यांनी सुमारे २२,५०० किलोमीटर प्रवास केला.

बोर्निओ बेटावर सारावाक नावाचे राज्य होते. तेथे सिमुंजन नदीजवळ कोळशाच्या खाणीसाठी जंगल तोडणे चालू होते. तोडलेल्या ओंडक्यांवर ऊन पडले की भुंगेऱ्यांची गर्दी होई. वॉलेस यांनी तेथील मजुरांना व रहिवाशांना सांगून ठेवले, की प्रत्येक किड्यामागे एक सेंट मिळेल. मग काय, लोक रोज किडे घेऊन येऊ लागले. एका दिवशी त्यांच्याकडे ७६ जातींचे भुंगेरे जमले. त्यांतील ३४ जाती त्यांनी यापूर्वी कधी गोळा केल्या नव्हत्या. येथेच त्यांना काळ्या मखमली पंखांवर हिरवा पट्टा असलेले एक मोठे फुलपाखरू मिळाले. सारावाकचे राजे जेम्स ब्रूक यांचे नाव वॉलेस यांनी त्या फुलपाखराला दिले.

मुलांनो, एखादा कीटक पहिल्यांदा दिसला म्हणजे ती नवी जात ठरते का? नाही. त्या जंगलातील लोक तर हे जीव पिढ्यान् पिढ्या पाहत आलेले असतात. विज्ञानाच्या दृष्टीने नवी जात म्हणजे जिची शास्त्रीय नोंद कोणी केलेली नाही ती. त्यासाठी बरेच काही करावे लागते. कीटक पकडून नीट टाचणीला लावायचा. तो कोठे मिळाला, याची चिठ्ठी त्याला जोडायची. मग तो संग्रहालयातील आणि पुस्तकांतील माहीत असलेल्या जातींशी ताडून पाहायचा. पंख, मिशा, पाय, रंग, लांबी यांचे बारकाईने वर्णन लिहायचे. त्याला दोन शब्दांचे शास्त्रीय नाव द्यायचे आणि ते वर्णन छापून प्रसिद्ध करायचे. ज्या नमुन्यावरून वर्णन केले, तो नमुना जपून ठेवायचा. पुढे कोणाला शंका आली, तर त्याच नमुन्याकडे पाहून ती दूर करता येते.

बेटांवर ही कामे सोपी नव्हती. दिवसभर जाळी घेऊन हिंडावे, तर रात्री मुंग्या नमुने पळवून नेत. म्हणून वॉलेस टेबलाचे पाय पाण्याने भरलेल्या भांड्यांत ठेवत. दमट हवेमुळे नमुन्यांना बुरशी लागे. हिवताप तर पाठ सोडत नसे.

या सगळ्यात त्यांना एका मुलाची मोठी साथ मिळाली. त्याचे नाव अली. तो सारावाकमधील मलाय मुलगा होता. वॉलेस यांनी त्याला १८५५ साली स्वयंपाकासाठी ठेवले, तेव्हा तो सुमारे पंधरा वर्षांचा होता. अली होडी चालवण्यात तरबेज होता. पक्षी टिपणे, त्यांची कातडी सोलून नीट जतन करणे हेही तो लवकरच शिकला. त्याच्याशी बोलता बोलता वॉलेस यांची मलाय भाषा सुधारली. वॉलेस आजारी पडले की अली त्यांची शुश्रूषा करी. गुरू कोण आणि शिष्य कोण, हे सांगणे कठीण व्हावे असे हे नाते होते.

१८५८ च्या ऑक्टोबरमध्ये दोघे बाचान बेटावर पोहोचले. तेथे एके दिवशी अलीने एक अनोखा पक्षी आणला. त्याच्या छातीवर चमकदार हिरवी पिसे होती आणि खांद्यांपासून पांढरी लांब पिसे निघाली होती. तो स्वर्गपक्ष्याचा अगदी नवा प्रकार होता. लंडनच्या शास्त्रज्ञांनी त्याला वॉलेस यांचे नाव दिले. पक्षी मिळवला होता अलीने. पण नावात अली नव्हता.

याच बेटावर वॉलेस यांना एक मोठे फुलपाखरू दिसले, पण ते हाती लागेना. त्यांनी महिनाभराहून अधिक काळ वाट पाहिली. अखेर १८५९ साली एक नर जाळ्यात सापडला. त्याचे पंख मखमली काळे आणि आगीसारखे नारिंगी होते. पसरलेल्या पंखांची लांबी सुमारे अठरा सेंटिमीटर होती. तो पाहून त्यांचे काळीज धडधडू लागले. त्या आनंदाच्या भरात त्यांचे डोके दिवसभर दुखत राहिले! प्राचीन काळच्या क्रीसस या धनाढ्य राजाचे नाव त्यांनी या फुलपाखराला दिले.

वॉलेस चिठ्ठीवर जागेचे नाव लिहायला विसरत नसत. त्या चिठ्ठ्यांतूनच त्यांना एक मोठे सत्य कळले. बाली आणि लोंबोक ही बेटे अगदी शेजारी. पण दोन्हींवरचे पक्षी फार वेगळे. पश्चिमेकडील बेटांवरचे प्राणी आशियातल्यासारखे आणि पूर्वेकडील बेटांवरचे ऑस्ट्रेलियातल्यासारखे. या दोन भागांमधील सीमेला आज वॉलेस रेषा म्हणतात. फेब्रुवारी १८५८ मध्ये तापाने फणफणत असताना त्यांना आणखी एक विचार सुचला. परिस्थितीशी जुळवून घेणारे जीव टिकतात आणि त्यातूनच हळूहळू नव्या जाती तयार होतात. त्यांनी हा विचार लिहून चार्ल्स डार्विन यांना पाठवला. डार्विनही अनेक वर्षे याच विचारावर काम करत होते. १ जुलै १८५८ रोजी लंडनमध्ये दोघांचे लेखन एकत्र वाचण्यात आले. पुढे कीर्ती डार्विन यांना अधिक मिळाली. पण वॉलेस यांनी त्याबद्दल कधी आकस धरला नाही. १८६९ साली त्यांनी आपला प्रवासग्रंथ डार्विन यांनाच अर्पण केला.

१८६२ साली वॉलेस परत निघाले. आठ वर्षांत १,२५,६६० नमुने जमले होते. त्यांत भुंगेरेच ८३,२०० होते. त्यांतील हजारो जाती विज्ञानाला नव्या होत्या. काहींची वर्णने त्यांनी लिहिली, तर बऱ्याच जातींची इतर शास्त्रज्ञांनी. निघताना त्यांनी अलीचे छायाचित्र काढून घेतले आणि पगाराशिवाय त्याला पैसे व आपल्या बंदुका दिल्या. पुढे १९०७ साली एका अमेरिकन शास्त्रज्ञाला तर्नाते बेटावर एक म्हातारा भेटला. आपण अली वॉलेस आहोत, अशी त्याने स्वतःची ओळख करून दिली. पक्ष्याच्या नावात अली नव्हता. पण अलीने आपल्या नावात वॉलेस यांना जागा दिली होती.

१८६३ साली वॉलेस यांनी विद्वानांसमोर एक महत्त्वाची गोष्ट मांडली. प्रत्येक जात ही पृथ्वीच्या इतिहासग्रंथातील एक अक्षर आहे. अक्षरे नष्ट झाली, तर तो ग्रंथ वाचता येणार नाही. म्हणून जंगले नाहीशी होण्यापूर्वी त्यांतील जीवांची नोंद करा, असा त्यांचा आग्रह होता. ७ नोव्हेंबर १९१३ रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या एका छोट्या नोंदीची गोष्ट मात्र पुढेही चालू राहिली. बाचान बेटावर त्यांना एक प्रचंड मधमाशी मिळाली होती. तिची लांबी जवळजवळ चार सेंटिमीटर होती. त्यानंतर सुमारे १२० वर्षे ती कोणाही शास्त्रज्ञाला दिसली नाही. ती नष्ट झाली असावी, असे वाटू लागले. पण कोठे शोधायचे, हे वॉलेस यांच्या नोंदीमुळे ठाऊक होते. १९८१ साली त्याच भागातील बेटांवर ती पुन्हा सापडली आणि २०१९ साली जिवंत मधमाशीचे पहिले छायाचित्र घेता आले.

मुलांनो, जळालेल्या जहाजावरची फुलपाखरे कायमची गेली. टिकले ते नीट लिहून, जपून ठेवलेले. डोळे उघडे ठेवून पाहणे आणि पाहिलेले प्रामाणिकपणे लिहून ठेवणे, हे काम तुम्हीही आपल्या अंगणातून सुरू करू शकता.

शब्दार्थ
बेताची – जेमतेम. खंगणे – अशक्त होणे. ताडून पाहणे – तुलना करणे. तरबेज – कुशल. शुश्रूषा – सेवा. धनाढ्य – श्रीमंत. आकस – मनातील राग.

स्वाध्याय
१. वॉलेस यांना लहानपणी शाळा का सोडावी लागली?
२. नवी जात ठरवण्यासाठी कोणकोणत्या गोष्टी कराव्या लागतात?
३. अलीने वॉलेस यांना कोणती मदत केली?
४. कारणे लिहा : वॉलेस टेबलाचे पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवत.
५. उपक्रम : आपल्या परिसरातील पाच कीटक पाहा. ते कोठे व केव्हा दिसले, हे वहीत लिहा.