कॉलेजच्या व्हरांड्यातून उभी राहिली प्लेगची लस : डॉ. हाफकिन यांची गोष्ट

साप चावलेला माणूस ग्रामीण रुग्णालयात आणला की नातेवाईक आधी विचारतात, लस आहे का? ही लस बनवणाऱ्यांत 'हाफकिन' हे नाव आपल्याकडं जुनं आहे. पण हाफकिन हा एक माणूस होता, आणि आपल्या आजा-पणज्यांच्या काळात त्यानं मुंबईत बसून प्लेगवर लस काढली, हे आता फारसं कुणाच्या ध्यानात नाही.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० चा, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातला. घर ज्यू व्यापाऱ्याचं. तिथं तेव्हा रशियाच्या झारचं राज्य. हाफकिन प्राणिशास्त्र शिकले, हुशार निघाले, पण ज्यू असल्यामुळं प्राध्यापकाची जागा मिळेना. धर्म बदलला असता तर मिळाली असती. त्यांनी तो बदलला नाही. देश सोडला आणि १८८९ मध्ये पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत गेले. तिथं सुरुवातीला काम मिळालं ते ग्रंथालयात. फावल्या वेळात प्रयोग करत १८९२ मध्ये त्यांनी पटकीवर लस तयार केली आणि पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली.

१८९३ मध्ये ते हिंदुस्थानात आले. आग्रा, कलकत्ता अशा ठिकाणी हजारो लोकांना पटकीची लस टोचली. मधे मलेरियानं खंगले, विलायतेला गेले, बरे होऊन परत आले.

एक खोली, एक कारकून, तीन शिपाई

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग सापडला. तो ओळखला मूळ गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. सरकारनं हाफकिन यांना बोलावलं. ऑक्टोबरमध्ये ते ग्रँट मेडिकल कॉलेजात दाखल झाले. जागा मिळाली ती एक खोली आणि तिच्या बाहेरचा व्हरांडा. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्यावर रोज माणसं मारणाऱ्या रोगाशी झुंज द्यायची होती.

लस बनवायची रीत अशी होती. मांसाच्या रसात प्लेगचे जंतू वाढवायचे. गोमांस वापरलं तर इथले लोक टोचून घेणार नाहीत, म्हणून त्यांनी बकऱ्याचं मांस घेतलं. रसावर तुपाचे थेंब सोडले की जंतू त्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढत. मग ठरावीक उष्णता देऊन ते मारायचे. हे मेलेले जंतू टोचले की शरीर खऱ्या रोगाशी लढायला तयार होतं.

हे काम जिवाशी खेळ होतं. मदतनीस टिकेनात. एकाच्या मनावर ताण येऊन तो कामातून गेला, बाकीच्यांनीही काम सोडलं. तरी तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी १० सी.सी. लस स्वतःला टोचून घेतली. ताप आला, दुखलं, पण निभावलं. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना लस दिली. न टोचलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला, सहा दगावले. टोचलेल्यांत दोघांनाच झाला आणि दोघंही वाचले.

त्या दिवसांत लोकांचा सरकारवर विश्वास उरला नव्हता. पुण्यात घरं तपासायला गोरे शिपाई शिरत, माणसं उचलून छावणीत नेत. प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता मार्च १८९७ मध्ये सावित्रीबाई फुले गेल्या. जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली. गावंच्या गावं घरं सोडून रानात झोपड्या घालून राहिली. अशा वेळी हाफकिन यांनी जबरदस्तीचा मार्ग धरला नाही. टोचलेले किती, न टोचलेले किती, आजारी किती, मेले किती, अशी नोंद ते ठेवत आणि तीच लोकांपुढं मांडत. आगाखान यांनी लोकांसमक्ष टोचून घेतलं, त्याचाही मोठा उपयोग झाला.

काम वाढलं तशी जागा बदलत गेली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात आली. हाफकिन तिचे प्रमुख झाले.

एक बाटली आणि १९ जीव

मग ३० ऑक्टोबर १९०२ चा दिवस आला. पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना लस टोचली. त्यातल्या एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वातानं दगावले. बाकीच्या बाटल्यांतून टोचलेल्या कुणालाही धनुर्वात झाला नाही.

खापर फुटलं प्रयोगशाळेवर. लस लवकर आणि जास्त बनावी म्हणून हाफकिन यांनी कार्बोलिक ॲसिड घालणं बंद केलं होतं, त्यामुळं बाटली मुंबईतच दूषित झाली असा ठपका आला. त्यांना पदावरून दूर केलं. ते डॉक्टरकीची पदवी नसलेले, ज्यू, त्यात रशियात जन्मलेले. साहेबांच्या दरबारात पाठीशी उभं राहणारं फार कुणी नव्हतं.

खरं काय होतं, ते तिथल्याच साक्षीत होतं. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करताच त्यानं बुचाला लावला. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. बाटली आधीपासून नासलेली असती तर उघडताच वास आला असता. तसा वास आला नव्हता.

तरीही निर्दोष ठरायला पाच वर्षं गेली. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये जाहीर पत्र लिहून त्यांची बाजू मांडली, तेव्हा सरकार हललं. ठपका पुसला गेला, पण परळची खुर्ची परत मिळाली नाही. त्यांना कलकत्त्याला पाठवलं. तिथं नव्या लशी माणसांवर वापरून पाहायला परवानगी नव्हती. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी ते निवृत्त होऊन युरोपात गेले. २६ ऑक्टोबर १९३० ला स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात वारले.

इकडं परळचं काम थांबलं नाही. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून प्लेगच्या लशीचे सुमारे २ कोटी ६० लाख डोस बाहेर गेले. १९२५ मध्ये प्रयोगशाळेला हाफकिन यांचं नाव दिलं गेलं, ते त्यांच्या हयातीतच. १९६४ मध्ये भारत सरकारनं त्यांच्यावर टपाल तिकीटही काढलं.

मोठ्या संस्थेचा प्रमुख यश आलं की कौतुकाचा धनी होतो, आणि शेकडो कोस दूर कुणाच्या हातून चिमटा पडला तरी जबाबही त्यालाच द्यावा लागतो. हाफकिन यांनी तो दिला, पण न केलेल्या चुकीपायी उमेदीची वर्षं गमावली. ज्या गावांनी प्लेगात अर्धी घरं रिकामी झालेली पाहिली, त्या गावांच्या आजच्या पिढीनं हे नाव विसरू नये.