इंदूरचा एक दिवसाचा महाराजा: चालणाऱ्यांसाठी भांडणारे पॅट्रिक गेडिस

चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर यात्रा भरते. सगळीकडे गुलाल उधळला जातो, सासनकाठ्या नाचत येतात, पालखी यमाईच्या भेटीला निघते. त्या दिवशी रस्त्यावर पहिला मान चालणाऱ्याचा असतो. आणि पालखी ज्या वाटेने जाणार, ती वाट लोक आधीच झाडून ठेवतात.

लोकांची हीच सवय हेरून एका स्कॉटिश प्रोफेसरने शंभर वर्षांपूर्वी होळकरांचं इंदूर स्वच्छ करून दाखवलं होतं.

त्यांचं नाव पॅट्रिक गेडिस.

२ ऑक्टोबर १८५४ ला स्कॉटलंडमध्ये त्यांचा जन्म झाला. शिक्षण जीवशास्त्राचं. तरुणपणी मेक्सिकोत असताना काही काळ त्यांची दृष्टी गेली. मायक्रोस्कोपवरचं काम अवघड झालं आणि पुढे ते झाडापानांकडून शहरांकडे वळले. लग्नानंतर त्यांनी एडिंबराच्या पडक्या, गरीब वस्तीत बिऱ्हाड केलं. शेजाऱ्यांना सोबत घेऊन भिंती रंगवल्या, मोकळ्या जागेत बागा केल्या.

१९१४ मध्ये ते भारतात आले. तेव्हा गर्दी कमी करायची म्हणजे जुन्या वस्तीतून सरळ, रुंद रस्ता काढायचा, अशी इंजिनिअर लोकांची पद्धत होती. गेडिस मात्र आधी गल्ल्यांमधून पायी फिरायचे. त्यांना दिसायचं की अरुंद बोळात सावली असते, पोरं खेळतात, बायका बसून बोलतात. रुंद रस्ता झाला की ऊन आणि धूळ वाढते. ज्यांची घरं पडतात, ते दुसऱ्या वस्तीत दाटीवाटीने राहतात. म्हणजे सोय एकाची आणि किंमत मोजणार दुसराच.

म्हणून त्यांनी वेगळा उपाय मांडला. अगदी मोडकळीला आलेली मोजकी घरं काढा, तिथे छोटे चौक करा, झाडं लावा, बाकी वस्तीला हात लावू नका. तंजावरमधल्या एका वस्तीसाठी या पद्धतीचा खर्च सरकारी आराखड्याच्या साधारण सहाव्या हिश्शाएवढाच निघाला.

१९१७ साल त्यांच्यासाठी भयंकर होतं. थोरला मुलगा पहिल्या महायुद्धात मारला गेला. काही आठवड्यांतच पत्नी ॲना भारतातच आजारपणाने गेल्या. तरी काम थांबलं नाही. त्याच सुमारास ते इंदूरला पोचले. तिथे प्लेगची दहशत होती. नकाशे घेऊन फिरणाऱ्या या म्हाताऱ्या साहेबाला लोक घाबरायचे.

तेव्हा गेडिसनी दरबाराकडे अजब मागणी केली. एका दिवसासाठी मला महाराजा करा. मागणी मान्य झाली. मग दवंडी पिटली की दिवाळीची मिरवणूक यंदा नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. जो रस्ता सगळ्यात स्वच्छ, तिथून जाणार.

झालं, गल्लीगल्लीत चुरस लागली. हजारो गाड्या कचरा बाहेर निघाला. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची भलीमोठी प्रतिकृती होती. आणि शहर झाडणारे सफाई कामगार पांढरेशुभ्र कपडे घालून, गळ्यात हार घालून मानाने चालत होते. ज्यांची सावलीही टाळली जायची, त्यांना त्या दिवशी भर रस्त्यात मान मिळाला.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभाग सुरू झाला, त्याचे पहिले प्रमुख गेडिसच. मालवणचे गो. स. घुर्ये त्यांच्याच काळात तिथून पुढे आले. १९२५ मध्ये तेल अवीवचा आराखडा करताना गेडिसनी मोठे रस्ते वाहतुकीला दिले आणि घरांजवळचे छोटे रस्ते रहिवाशांसाठी शांत ठेवले. १७ एप्रिल १९३२ ला फ्रान्समध्ये त्यांचं निधन झालं.

आज आपल्याकडे रस्ता रुंद करायचा म्हटलं की बहुतेक वेळा आधी फूटपाथ कापला जातो. शाळेतली पोरं, म्हातारी माणसं, भाजीची पिशवी घेतलेली बाई, सगळे गाड्यांमधून वाट काढतात. जोतिबाच्या यात्रेत चालणाऱ्याला जो मान मिळतो, तो रोजच्या रस्त्यावर त्याच्या वाट्याला येत नाही. गेडिस आयुष्यभर भांडले ते त्यासाठीच.