विश्लेषण : पंखावरची शांत हवा खवळते कशामुळे? ह्यू ड्रायडन यांनी कोडे कसे सोडवले?

उदबत्तीचा धूर काही अंतर सरळ वर जातो आणि मग विस्कटतो. शेजारून कुणी गेले, तर तो आणखी लवकर विस्कटतो. विमानाच्या पंखालगतच्या हवेचेही काहीसे असेच होते. त्यामागचे कारण प्रयोगातून समोर आले ते अमेरिकी शास्त्रज्ञ ह्यू ड्रायडन यांच्या प्रयोगशाळेत.

ड्रायडन कोण होते?

जन्म १८९८, मेरीलँड. वडिलांचे दुकान बुडाल्यावर कुटुंब बाल्टिमोरला आले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची पीएचडी मिळाली तेव्हा ड्रायडन अवघे २० वर्षांचे होते. पुढे वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये ते वायुगतिकी विभागाचे प्रमुख झाले.

वाद काय होता?

पंखालगतचा हवेचा पातळ थर शांत वाहत असेल, तर घर्षण कमी होते. तो खवळला की घर्षण वाढते आणि इंधन जास्त लागते. जर्मनीतील टोलमिन (१९२९) आणि श्लिख्टिंग (१९३३) यांनी गणिताने दाखवले, की या थरात आधी बारीक लाटा उठतात, त्या वाढत जातात आणि शेवटी प्रवाह खवळतो. पण प्रयोगात या लाटा कुणालाच दिसेनात. त्यामुळे अनेकांनी हा सिद्धान्तच चुकीचा मानला.

चूक कुठे होती?

चूक गणितात नव्हती, वायुबोगद्यात होती. बोगद्यातली हवा मुळातच इतकी अस्वस्थ होती, की लाटा वाढण्याआधीच थर खवळायचा. ड्रायडन यांनी बोगद्यात बारीक जाळ्या बसवून हवा शांत केली. १९४०च्या सुमारास त्यांचे सहकारी शुबॉअर व स्क्रॅमस्टॅड यांनी सपाट पट्टीजवळ धातूची फीत थरथरवली. विजेने तापवलेल्या बारीक तारेने मोजमाप घेतले, तेव्हा गणितातल्या लाटा खरोखर सापडल्या. नुसत्या आवाजानेही प्रवाह बिघडतो, हेही दिसले. युद्धकाळातील गुप्ततेमुळे हे निष्कर्ष जगासमोर यायला काही वर्षे गेली.

पुढे काय झाले?

ड्रायडन १९५८मध्ये नासाचे पहिले उपप्रशासक झाले. कर्करोगाशी झुंजत त्यांनी अखेरपर्यंत काम केले. १९६५मध्ये त्यांचे निधन झाले; चंद्रावरचे पहिले पाऊल त्यांना पाहता आले नाही.

आज महत्त्व काय?

पंखावर चिकटलेला किडा, पृष्ठभागाचा खडबडीतपणा, इंजिनाचा आवाज अशी छोटी कारणेही शांत थर बिघडवू शकतात. म्हणून इंधन वाचवणारा पंख घडवताना त्याच्या आकाराइतकाच बाहेरच्या या लहानसहान धक्क्यांचाही विचार करावा लागतो.