आरती साहा : तेहतीस दिवसांनी पुन्हा समुद्रात

वर्धा, वैनगंगा, इरई, प्राणहिता. चंद्रपूर-गडचिरोलीत नद्यांना तोटा नाही, पण आपल्या घरांतल्या किती मुलींना पोहता येतं? मुलगा मित्रांसोबत नदीवर जाऊन कसंबसं शिकून घेतो, मुलगी काठावर कपडे धुऊन परत येते. मुलांना पोहणं, तिरंदाजी आणि घोडेस्वारी शिकवा, अशी ताकीद हजरत उमर (रजि.) यांच्या नावे सांगितली जाते. आपण ती बयानात ऐकतो आणि फार तर मुलग्यांपुरती मानतो. म्हणून आज आरती साहाची हकीकत.

आरतीचा जन्म कलकत्त्यात २४ सप्टेंबर १९४० रोजी, मध्यमवर्गीय घरात झाला. वडील लष्करी खात्यात साधी नोकरी करायचे. अडीच वर्षांची असताना आई गेली. भावंडं मामाकडे वाढली आणि आरती उत्तर कलकत्त्यात आजीजवळ. चार वर्षांची झाल्यावर ती काकांसोबत चांपातला घाटावर अंघोळीला जायची, तिथेच हात-पाय मारू लागली. पोरीला पाण्याची भीती नाही हे वडिलांच्या लक्षात आलं. त्यांनी तिला हाटखोला स्विमिंग क्लबात घातलं. पुढे सचिन नाग यांची नजर तिच्यावर पडली. १९५१ च्या पहिल्या आशियाई स्पर्धेत भारताला पोहण्यात सुवर्ण मिळवून देणारे ते हेच.

ब्रेस्टस्ट्रोक म्हणजे बेडकासारखे हातपाय मारत पोहणं, ही तिची खासियत. त्यातला अखिल भारतीय विक्रम तेव्हा मुंबईच्या डॉली नाझीर यांच्या नावावर होता. १९५१ मध्ये आरतीने तो मोडला. पुढच्याच वर्षी दोघी एकत्र हेलसिंकी ऑलिंपिकला गेल्या. तेव्हा आरतीला बारा वर्षंही पुरी झाली नव्हती. पहिल्या फेरीतच ती बाहेर पडली. घरी आल्यावर तर धाकट्या बहिणीनेच, भारतीने, तिला फ्रीस्टाइलमध्ये हरवलं! त्यानंतर तिने ब्रेस्टस्ट्रोकवरच लक्ष ठेवलं.

१९५८ मध्ये ढाक्याचे ब्रजेन दास इंग्लिश खाडी पोहून गेले. ते पाकिस्तानकडून उतरले होते. पुढच्या वर्षीच्या शर्यतीसाठी त्यांनीच आयोजकांना आरतीचं नाव सुचवलं. फाळणीला जेमतेम अकरा वर्षं झाली होती आणि ढाक्याचा माणूस कलकत्त्याच्या मुलीसाठी शब्द टाकतो, हे मला या साऱ्या हकीकतीत फार मोलाचं वाटतं. खाडीच्या शर्यतींत मुस्लीम जगाचाही दबदबा होता. १९५० ची शर्यत इजिप्तच्या हसन अब्देल रहीम यांनी जिंकली होती.

आता प्रश्न पैशाचा. क्लबचे डॉ. अरुण गुप्ता यांनी तिच्या पोहण्याचे कार्यक्रम ठेवून निधी गोळा केला. मुख्यमंत्री बिधानचंद्र रॉय यांनी अकरा हजार रुपयांची सोय केली. एप्रिल १९५९ मध्ये देशबंधू पार्कच्या तळ्यात, हजारो लोकांसमोर, ती सलग आठ तास पोहली. नंतर सलग सोळा तासांचा सरावही केला.

खाडी सर्वांत अरुंद आहे तिथेही ३४ किलोमीटर रुंद. पण नकाशावरचं अंतर कामाचं नाही. भरती-ओहोटीचा प्रवाह दर काही तासांनी उलटतो आणि माणसाला आडवं ओढून नेतो. पाणी थंडगार. सोबत होडी असते, पण तिला हात लावायचा नाही. लावला की संपलं. खाणंपिणंही पाण्यातच. वेळ चुकली तर ताकद असूनही किनारा हाती येत नाही.

२७ ऑगस्टला नेमकं तेच झालं. २३ देशांचे ५८ स्पर्धक, त्यांत बायका अवघ्या पाच. आरतीची वाट दाखवणारी होडीच चाळीस मिनिटं उशिरा आली. तरी ती इंग्लंडच्या किनाऱ्यापासून पाचेक मैलांवर पोहोचली. मग प्रवाह उलटला. पुढचे कितीतरी तास झुंजून ती जेमतेम दोन मैल सरकली आणि शेवटी तिला बाहेर काढावं लागलं.

चूक तिची नव्हती, पण निकालात होडीचा उशीर लिहिला जात नाही. लोकांचा पैसा लागलेला, शरीर थकलेलं, थंडी वाढत चाललेली. अशा वेळी कोणीही म्हटलं असतं, बेटा, पुरे झालं, चल घरी. ती मात्र तिथेच राहिली आणि सरावाला लागली. सोबतच्या लोकांनीही तिला ओढून परत आणलं नाही, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं.

२९ सप्टेंबरला ती फ्रान्सच्या केप ग्री-ने इथून पुन्हा पाण्यात उतरली. प्रवाहामुळे वाट लांबत लांबत ४२ मैलांची झाली. १६ तास २० मिनिटांनी इंग्लंडमधल्या सँडगेटच्या किनाऱ्यावर तिने तिरंगा लावला. पाचच दिवसांपूर्वी तिला एकोणीसावं वर्ष पूर्ण झालं होतं. इंग्लिश खाडी पोहून जाणारी ती पहिली आशियाई महिला. लंडनमधल्या भारताच्या उच्चायुक्त विजयालक्ष्मी पंडित यांनी लगेच अभिनंदन कळवलं.

१९६० मध्ये तिला पद्मश्री मिळाली. डॉ. गुप्तांशीच लग्न झालं, संसार झाला. नोकरी रेल्वेत. जुनी माणसं जिला बीएनआर म्हणत ती बंगाल नागपूर रेल्वे, पुढे दक्षिण-पूर्व रेल्वे झाली. गोंदियाहून वडसा, नागभीडमार्गे चांदा फोर्टला येणारी आपली छोटी गाडीही तेव्हा त्याच रेल्वेची होती. म्हणजे नोकरीपुरत्या त्या आपल्याच लाइनवरच्या.

ऑगस्ट १९९४ मध्ये त्यांना कावीळ झाली आणि आजार मेंदूपर्यंत गेला. एकोणीस दिवस इस्पितळात काढल्यावर २३ ऑगस्टला त्यांचं निधन झालं. वय अवघं ५३. पाच वर्षांनी, १९९९ मध्ये, टपाल खात्याने त्यांच्या नावाचं तीन रुपयांचं तिकीट काढलं.