शर्यत संपली, ताप उरला

आगाशीच्या बाजारपेठेभोवती किलोमीटर-दीड किलोमीटरचा फेरा आखला आहे आणि सायकलपटू त्याच फेऱ्याची पन्नास आवर्तने करीत आहेत, अशी कल्पना करावी. प्रेक्षकाला आपल्या दारात उभे राहून तेच खेळाडू पुनःपुन्हा दिसतात. युरोपातील गावोगावी रुजलेला हा प्रकार ‘क्रिटेरियम’ या नावाने ओळखला जातो. इटलीचा महान सायकलपटू फाउस्तो कोप्पी याच्या अखेरच्या प्रवासाचे निमित्त अशीच एक शर्यत ठरली.

कोप्पीचा जन्म १५ सप्टेंबर १९१९ रोजी कास्तेल्लानिया या खेड्यात, शेतकरी कुटुंबात झाला. खाटकाच्या दुकानातील माल सायकलवरून पोहोचविणाऱ्या या पोराला बियाजो काव्हान्ना या अंध प्रशिक्षकाने घडविले. १९४० मध्ये, अवघ्या विसाव्या वर्षी, त्याने ‘जिरो दितालिया’ जिंकली. १९४२ मध्ये मिलान येथे तासाभरात ४५ किलोमीटरहून अधिक अंतर कापून त्याने केलेला विक्रम १४ वर्षे अबाधित राहिला. १९४३ मध्ये ट्युनिशियात तो ब्रिटिशांचा युद्धकैदी झाला. युद्धानंतर मात्र त्याने आणखी चार वेळा जिरो, १९४९ व १९५२ मध्ये ‘टूर द फ्रान्स’ आणि १९५३ मध्ये जगज्जेतेपद मिळविले. १९५१ मध्ये धाकटा भाऊ सेर्से शर्यतीतील अपघातात दगावला. ते दुःख त्याला आयुष्यभर पुरले.

चाळिशीत विजय दुरावले, तरी नावाची ओढ कायम होती. क्रिटेरियमचे आयोजक नामवंतांना केवळ सहभागासाठीही मानधन देत. डिसेंबर १९५९ मध्ये कोप्पी अप्पर व्होल्टातील, म्हणजे आजच्या बुर्किना फासोतील, वागादुगू शहरी अशाच शर्यतीसाठी गेला. जाक आंकेतिल पहिला आला, कोप्पी दुसरा. पाठोपाठ शिकारीचा बेत झाला.

मायदेशी परतल्यावर कोप्पी आणि त्याचा फ्रेंच सहकारी राफाएल जेमिनियानी दोघेही तापाने फणफणले. फ्रान्समध्ये जेमिनियानीच्या रक्तात मलेरिया आढळला. क्विनाइनने तो वाचला आणि २०२४ मध्ये, वयाच्या ९९व्या वर्षी निवर्तला. इटलीत मात्र कोप्पीवर भलत्याच आजाराचे उपचार होत राहिले. २ जानेवारी १९६० रोजी तोर्तोना येथे त्याची प्राणज्योत मालवली. वय अवघे ४०.

पावसाळ्यात ताप आला की आपल्या किनारपट्टीवरचा डॉक्टर आधी रक्त तपासायला सांगतो. ही साधी तपासणी वेळेवर न झाल्याने एका जगज्जेत्याचा प्राण गेला.