लोकमान्य आणि गायकवाडांचा वाडा

पुण्याच्या नारायण पेठेतील केसरीवाडा आपल्या ज्ञातीतील बहुतेक कुटुंबांनी पाहिलेला आहे. परंतु तो मूळचा टिळकांचा नव्हे, हे तरुण मंडळींस क्वचितच ठाऊक असते. म्हणून ही हकीकत आम्ही सादर करीत आहोत.

बाळ गंगाधर टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीस झाला. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल व १८८१ साली 'केसरी' व 'मराठा' ही पत्रे निघाली, तरी स्वतःचे घर त्यांस दीर्घकाळ नव्हते. पुष्कळ वर्षे ते सरदार विंचूरकरांच्या वाड्यात राहिले. १८९४ चा सार्वजनिक गणेशोत्सव तेथेच झाला.

१९०५ च्या सुमारास बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून टिळकांनी गायकवाड वाडा विकत घेतला. सरदारी थाटाच्या त्या वास्तूत छापखान्याची यंत्रे आली, उत्सवाचा मंडप उभा राहिला, आणि अंगणात गावोगावच्या कार्यकर्त्यांची वर्दळ सुरू झाली. पण धन्यास तेथे स्वस्थता कोठली? १९०८ साली त्यांस सहा वर्षांची शिक्षा झाली. १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई निवर्तल्या, तेव्हा ते मंडालेच्या तुरुंगात होते. १९१४ च्या जूनमध्ये ते परतले ते गृहिणीवाचून सुन्या झालेल्या घरात. तुरुंगात लिहिलेले 'गीतारहस्य' १९१५ साली प्रसिद्ध झाले. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले.

पुढील एक प्रसंग ज्ञातीच्या स्मरणिकेत सहसा येत नाही. तो आम्ही मुद्दाम नमूद करतो. १९२८ साली त्यांचे पुत्र श्रीधरपंत यांनी याच वाड्यात समाज समता संघाची शाखा काढली. डॉ. आंबेडकर त्यास उपस्थित होते, आणि स्पृश्यास्पृश्यांचे सहभोजनही झाले. 'केसरी'च्या विश्वस्तांशी श्रीधरपंतांचे तीव्र मतभेद होते. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांचा अकाली अंत झाला.

आज वाड्यात 'केसरी'चे कार्यालय असून लोकमान्यांच्या वस्तूंचे संग्रहालय आहे. एका मराठा राजघराण्याची ही वास्तू, एका ब्राह्मण पत्रकाराचे घर, आणि अखेर सर्वांची ठेव! वास्तूचे मोठेपण तिच्या खरेदीखतावरून ठरत नाही. तिचा दरवाजा कोणाकोणास उघडला यावरून ठरते. लोकमान्यांचा अभिमान बाळगताना श्रीधरपंतांनी उघडलेला दरवाजाही आपण आपलाच म्हणावा, एवढीच आमची ज्ञातिबांधवांस व भगिनींस नम्र विनंती आहे.