शिवरायांच्या आजोबांनी आपला खजिना ठेवला होता नगर जिल्ह्यातल्या एका सावकाराच्या घरात

स्वराज्याचा इतिहास म्हटलं की डोळ्यांसमोर किल्ले, घोडे आणि तलवारी येतात. पण घोडे विकत घ्यावे लागतात आणि स्वारांना पगार द्यावा लागतो. भोसले घराण्याच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत या पैशाचा हिशोब कोण ठेवत होतं? याचं उत्तर शोधायला अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीगोंद्याला जावं लागतं.

गोष्ट आहे छत्रपती शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले यांची.

मालोजी हे बाबाजी भोसलेंचे थोरले चिरंजीव. धाकटे विठोजी. घराण्याकडे वेरूळची पाटीलकी होती, तशीच भीमा नदीकाठच्या हिंगणी, बेर्डी, देऊळगाव या गावांचीही. पाटलाला गावात मान होता, पण दरबारात वजन नव्हतं. त्यामुळे दोघे भाऊ सिंदखेडच्या लखुजी जाधवांच्या पदरी चाकरीला लागले. लखुजी म्हणजे अहमदनगरच्या निजामशाहीतले बडे सरदार.

मालोजींचं लग्न फलटणच्या निंबाळकर घराण्यातल्या उमाबाईंशी झालं होतं. बरीच वर्षं मूल होत नव्हतं, तेव्हा नगरच्या शाह शरीफ या पीराला नवस बोलला गेला, असं सांगितलं जातं. पुढे दोन मुलगे झाले. पीराच्या नावावरून थोरल्याचं नाव शहाजी आणि धाकट्याचं शरीफजी ठेवण्यात आलं.

तर बखरी सांगतात ते असं. लखुजींच्या वाड्यावर रंगाचा सण होता. छोटे शहाजी आणि छोट्या जिजाऊ शेजारी बसून एकमेकांवर रंग उडवत होते. जोडा शोभतो, असं लखुजी गमतीनं बोलून गेले. मालोजींनी मात्र भरल्या बैठकीत हा शब्द धरून ठेवला. जाधवांच्या घरात हे अजिबात रुचलं नाही. आपल्या पदरच्या माणसाच्या घरी मुलगी द्यायची कशी? शेवटी मालोजी आणि विठोजींना चाकरी सोडून वेरूळला परतावं लागलं.

इथून कथेत खजिना येतो. भवानीदेवीनं दृष्टान्त दिला आणि शेतात पुरलेलं धन सापडलं, असं बखरकार लिहितात. काही इतिहासकारांना ही कथा पटत नाही, हे धन लुटीतून आलं असावं असा त्यांचा अंदाज आहे. पण पैसा आला कुठूनही असो, तो ठेवला कुणाकडे, याबद्दल परंपरा एकच नाव घेते : शेषाप्पा नाईक पुंडे, सावकार, राहणार चांभारगोंदे.

चांभारगोंदे म्हणजेच आजचं श्रीगोंदा.

आता मालोजी राहत होते वेरूळला, मग सावकार एवढ्या लांबचा का? नकाशा पाहिला की अंदाज बांधता येतो. हिंगणी, बेर्डी ही भोसल्यांची गावं भीमेच्या एका काठावर, तर श्रीगोंद्याचा मुलूख पलीकडच्या काठावर. भोसल्यांसाठी ही पेठ परकी नव्हती.

त्या काळात बँका नव्हत्या. सावकाराचा वाडा हेच त्याचं घर, तीच पेढी आणि तीच तिजोरी. ठेव तिथेच राहायची, कर्ज तिथूनच मिळायचं. लांबच्या गावी रक्कम पोचवायची तर हुंडी चालायची. हा सगळा व्यवहार सावकाराच्या शब्दावर उभा असायचा. नुकतीच चाकरी गेलेला माणूस अचानक मोठी रक्कम घेऊन येतो, तेव्हा ती गुपचूप आणि सचोटीनं सांभाळणारा माणूस मिळणं ही साधी गोष्ट नव्हती.

या पैशातून मालोजींनी घोडे घेतले आणि माणसं जमवली. याचं महत्त्व समजून घ्यायचं तर दोन शब्द माहीत हवेत. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार. आणि ज्याच्याकडे अख्खं पथक पोसण्याइतका पैसा असेल, त्याला दरबार सरदार म्हणून वागवत असे.

वेळही तशीच होती. १६०० मध्ये मुघलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला, चांदबीबी मारली गेली. खिळखिळी झालेली निजामशाही सावरायला मलिक अंबरसारखे लोक धडपडत होते. अशा राज्याला तयार घोडदळ हवंच होतं. बखरींनुसार मालोजींना पाच हजारी मनसब, राजे हा किताब, पुणे आणि सुपे परगण्यांची जहागीर, शिवाय शिवनेरी आणि चाकणचा ताबा मिळाला. आता जाधवांकडे नकाराचं कारण उरलं नाही. शहाजी आणि जिजाऊंचं लग्न झालं.

मालोजींनी हा पैसा फक्त फौजेवर खर्च केला नाही. शिखर शिंगणापूरला पाण्याचे हाल होते, तिथे त्यांनी मोठा तलाव बांधला. वेरूळच्या घृष्णेश्वर मंदिराचा जीर्णोद्धार केला. याच मंदिराचं काम पुढे अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी केलं आणि त्यांचा जन्म याच नगर जिल्ह्यातल्या चौंडीचा. श्रीगोंद्यात मालोजींनी संत शेख महंमद यांना मठ आणि जमीन मिळवून दिली. योगसंग्राम हा मराठी ग्रंथ लिहिणारे हे सूफी वळणाचे संत. त्यांचं स्थान आजही श्रीगोंदेकरांचं श्रद्धास्थान आहे.

मालोजीराजांना इंदापूरच्या लढाईत मरण आलं. विठोजींनी पुतण्यांना सांभाळलं. १६२४ मध्ये नगरजवळच्या भातवडीला मलिक अंबरच्या बाजूनं दोघे भाऊ लढले. शहाजीराजांचं नाव दख्खनभर झालं. शरीफजी मात्र तिथेच पडले. ज्या नगरच्या पीरावरून त्यांचं नाव ठेवलं होतं, त्याच नगरच्या मातीत.

श्रीगोंद्याला पुढे शिंदे सरकारांचे वाडे उभे राहिले आणि गावाची ओळख त्यांच्या नावानं झाली. पण त्याच्या खूप आधी इथल्या एका व्यापाऱ्यानं चाकरी गमावलेल्या एका पाटलाची ठेव सांभाळली होती. त्याच पुणे आणि सुपे परगण्यांच्या जहागिरीतून त्या पाटलाच्या नातवानं पुढे स्वराज्याला सुरुवात केली.